मोफत अक्षरांचा जमाखर्च



आमच्या बुधवार पेठेत दोन बाजार जवळजवळ शेजारी नांदतात. अप्पा बळवंत चौकाकडे गेलं की पुस्तकं, वह्या, गाइडं आणि कागदाचा वास. पासोड्या विठोबाच्या बाजूला वळलं की वायरी, स्पीकर, माइक, चार्जर आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग. एका बाजारात अक्षरं मिळतात, दुसऱ्यात यंत्रं. पूर्वी घरातल्या एखाद्या कार्याची पुस्तिका काढायची तर दोन्हीकडे खेपा घालाव्या लागत, शिवाय छापखान्याची पायरी वेगळीच. आता हे सगळं हातातल्या फोनमध्ये आलं आहे. अक्षरं जुळवा, फोटो नीट करा, आवाज मुद्रित करा, आमंत्रण बनवा. प्रत्येकासाठी लहानसं साधन आहे आणि बरीचशी साधनं फुकट आहेत.

आमच्या भिशीत परवा कोणीतरी विचारलं, "हे खरंच फुकट असतं का गं? मागाहून बिल नाही ना येत?" प्रश्न साधा होता, पण माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी जागी झाली. कॉलेजमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलेली गोष्ट अशी की एका खात्याला काही जमा झालं, तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला ते नावे पडलेलं असतंच. आपल्याला शून्य रुपयांत मिळालं याचा अर्थ खर्च शून्य झाला असा होत नाही. मग मराठी अक्षर आपल्या हातात फुकट पडेपर्यंत कोणकोणाच्या खात्याला खर्च पडला? तीच जुनी वही आज उलगडून बघू.

प्रत करून देणारे

छापखान्यापूर्वी पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली प्रत. ताडपत्र किंवा कागद, शाई, बोरू आणि लेखकाची कित्येक महिन्यांची मेहनत. सामान्य घराला हे परवडणं शक्य नव्हतं. त्यावर आपल्या परंपरेने काढलेला मार्ग म्हणजे शास्त्रदान. ज्याची ऐपत आहे त्याने ग्रंथाच्या प्रती करवून घ्यायच्या आणि मंदिराला, साधूंना, भांडाराला द्यायच्या. वाचणाऱ्याला फुकट, खर्च श्रावकाच्या खात्यावर.

यातलं सगळ्यात मोठं नाव एका बाईचं आहे, याचा मला फार आनंद वाटतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिने एक हजार प्रती करवून वाटल्या. एक हजार! छापखाना नसताना. प्रत्येक प्रत कोणीतरी बसून अक्षर अक्षर उतरवलेली. म्हणूनच लोक तिला दानचिंतामणी म्हणू लागले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी बहुतेक वेळा प्रशस्ती किंवा पुष्पिका असते. प्रत कोणी लिहिली, कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणी लिहवून घेतली, कोणासाठी, हे सगळं तिच्यात येतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात (स्थापना १९१७) जो मोठा सरकारी हस्तलिखित संग्रह आहे त्यात जैन पोथ्याही पुष्कळ आहेत. अभ्यासक अशा पोथीचं शेवटचं पान आवर्जून बघतात, कारण त्या पानावर सगळा जमाखर्च मांडलेला असतो. वाचणाऱ्याला फुकट मिळालं, पण ते कोणामुळे, हे पुसलेलं नाही. ही प्रशस्ती ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

तांबं, दगड आणि शिसं

पुण्यात छापण्याची धडपड पेशवाईतच सुरू झाली होती. नाना फडणवीसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापवण्याचा घाट घातला होता. ते काम त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. पुढे १८०५ मध्ये मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापून निघाली. पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, आणि एका पानाचा पत्रा दुसऱ्या पानाला उपयोगाचा नाही. खर्चाची कल्पना येते ना?

त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापलं गेलं. खिळे म्हणजे धातूचे लहान ठसे. एकदा ओतले की जुळवा, छापा, सोडवा, पुन्हा जुळवा. इंग्रजीला हे सोपं पडलं. सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. आपलं तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरं मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जातात. तेवढे साचे कोरणारा कारागीर हवा, तेवढ्या खणांच्या पेट्या हव्यात आणि कुठला खिळा कुठल्या खणात हे डोळे मिटून सांगणारा जुळारी हवा. देवनागरी छपाई महाग पडली ती यामुळे.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला हात लावायला कचरत. तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली. नवं साधन घरात यायचं तर ते घराच्या रीतीभातीत बसावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने मुंबईत इतके देखणे खिळे पाडले की त्या वळणाची बाळबोध अक्षरं म्हणजेच छापील मराठी, असं पिढ्यान्‌पिढ्या वाटत राहिलं. लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातलं होतं. संपादकाला अग्रलेखाइतकीच खिळ्यांची काळजी करावी लागत होती.

या सगळ्यात एक लिपी मागे पडली. रोजच्या व्यवहाराची आपली लिपी मोडी होती. दप्तरं, पत्रं, हिशेबाच्या वह्या सगळं मोडीत. कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापलेला आहे, म्हणजे मोडी छापता येत नव्हती असं नाही. पण छापखान्यांनी बाळबोध धरली, शाळेची पुस्तकं बाळबोधीत निघाली आणि मोडी हळूहळू जाणकारांपुरती उरली. आज कितीतरी घरांत पणजोबांचे कागद आहेत आणि ते वाचणारं घरात कोणी नाही. लिपीला सोपं आणि स्वस्त साधन मिळालं नाही की तिच्यात लिहिलेलं सगळं कुलूपबंद होतं. पुढच्या गोष्टीचं बीजही इथेच आहे.

पेठेतलं १८४८

वस्तू महाग असेल तर ती सामान्यांपर्यंत पोचवायचा दुसरा मार्ग म्हणजे वाटून घेणं. त्यासाठी आमच्या पेठेला लांब जायला नको. १८४८ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तीच आजचं पुणे नगर वाचन मंदिर, लक्ष्मी रस्त्यावर, आमच्या बुधवार पेठेत. एकट्याला परवडत नाहीत ती पुस्तकं सगळ्यांनी मिळून घ्यायची, हा साधा विचार.

त्याच वर्षी याच पेठेत भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुस्तक समोर असूनही ज्यांना ते वाचता येऊ दिलं नव्हतं, त्यांना अक्षर देण्याचं हे काम. एका वर्षात, एका पेठेत, दोन दारं उघडली. त्यांचा खर्चही कोणीतरी सोसला. सावित्रीबाईंनी तर पैशांपलीकडचा सोसला. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल झेलला. आपण मुली फुकट शिकलो असं म्हणताना हे नावे पडलेलं खातं आठवायला हवं.

कॉम्प्युटर आला, पण किल्ली दुसऱ्याकडे

आता थेट आपल्या काळात येऊ. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. परम महासंगणकामुळे त्याचं नाव झालं, पण आपल्या दृष्टीने त्याहून मोठं काम म्हणजे भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणणं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्र सी-डॅकने पुढे नेलं. सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरली, तिचं नाव इस्की. सोबत इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक; डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. हे सगळं सरकारी पैशाने, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून झालं.

बाजारात मात्र वेगळंच चित्र होतं. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीचं कार्ड, चातुर्मासाचं वेळापत्रक, तपाच्या अनुमोदनेची पत्रिका, सगळं तिथे. प्रत्येक दुकानात विकत घेतलेलं मराठी सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट. त्या फॉन्टची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होतात. फक्त इंग्रजी 'के'च्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. प्रत्येक कंपनीने ही चित्रं आपापल्या सोयीने वेगवेगळ्या घरांत बसवली. एका फॉन्टची फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की मराठीचा भाजीपाला व्हायचा.

आमच्या घरीही हे झालं. माझ्या सासऱ्यांनी १९९८ च्या सुमारास आपल्या आठवणी लिहून काढल्या. पेठेतला जुना बाजार, रेशनचे दिवस, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा शनिवार पेठेतल्या नातेवाइकांना आणायला ते कसे धावले, घरातल्या बायकांनी आलेल्या-गेलेल्यांसाठी दिवसभर चूल कशी पेटती ठेवली, असं बरंच काही. एका दुकानातून टाइप करून तीसेक प्रती नातेवाइकांना वाटल्या. मूळ वही पुढे ओलीत गेली. प्रती हातोहात गेल्या, राहिली ती एक, तिचीही मधली पानं गळलेली. सीडी मात्र जपून ठेवली होती. नातवंडांना वाचायला द्यावं म्हणून ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. दुकान बंद झालेलं, ते सॉफ्टवेअर कोणाकडे नाही. फाइल होती, आणि फाइल नव्हतीही. पणजोबांच्या मोडी कागदांचं जे होतं तेच इथे वीस वर्षांत झालं.

माझ्या पुतण्याने इंटरनेटवरून एक मोफत परिवर्तक शोधला. परिवर्तक म्हणजे जुन्या फॉन्टमधलं कुठलं इंग्रजी अक्षर कुठल्या मराठी अक्षराच्या जागी होतं, याची यादी घेऊन भाषांतर करणारं लहानसं साधन. मजकूर परत आला, पण जागोजाग ठेचकाळत. सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या वेलांटीचा. जुन्या फॉन्टमध्ये आपण लिहितो तशी वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असे. नव्या पद्धतीत उच्चारानुसार आधी व्यंजन, मग वेलांटी. त्यामुळे 'दिवस'ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला र तर गायबच. महिनाभर रोज दुपारी मी आणि जाऊबाई एकेक ओळ वाचून दुरुस्त करत होतो. पुराच्या आठवणींची पानं नीट लागली त्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "मामंजी पुन्हा बोलायला लागले."

एकशे अठ्ठावीस घरं

हा घोळ मिटला तो युनिकोडमुळे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक कुठल्याही कंपनीच्या मालकीचा नसायचा, ही कल्पना. देवनागरीच्या वाट्याला १२८ घरं आली, आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीवरूनच घेतलेली होती. करातून झालेलं ते काम असं साऱ्या जगाच्या उपयोगी आलं.

तरी मराठीला आपली एकेक गोष्ट मागून घ्यावी लागली. 'ॲप', 'ॲसिड' यांतला ॲ आपण शाळेत सहज लिहितो, पण त्याला स्वतःचं घर मिळालं ते २००८ मधल्या ५.१ आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेबद्दलचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ ला काढला; मराठी वळणाचा ल आणि श कसा असावा हेही त्यात आहे. आणि मोडी? तिला २०१४ मधल्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली. आता मोडीचा मोफत फॉन्ट उतरवून घेता येतो. छापखान्याने जिला बाजूला ठेवलं ती लिपी दोनशे वर्षांनी एका फुकट फाइलमधून परत आली.

क्रमांक मिळाला तरी अक्षराला रूप लागतं, म्हणजे फॉन्ट लागतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी काढलेला 'मंगल' विंडोज २००० बरोबर घरोघर पोचला. 'रघु' नावाचा त्यांचा आणखी एक फॉन्ट मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे फॉन्ट खुले केले, आणि ते मुळात घडवले होते आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या फॉन्ट आणि साधनांच्या सीडी मोफत वाटायला सुरुवात केली. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा फॉन्ट दिला. त्याच्या पायावर आयआयटी मुंबईने संस्कृतसाठी 'शोभिका' उभा केला. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्ता', 'बलू' आणि गोलमटोल 'मोदक' आज कितीतरी आमंत्रणांवर, पाट्यांवर दिसतात.

हे फॉन्ट नुसते फुकट नाहीत, खुले आहेत. फरक सांगते. शेजारणीने लोणच्याची बरणी दिली, ते फुकट. बरणीबरोबर कृतीही लिहून दिली आणि म्हणाली, "तू हवं तर मसाला बदल, तूही दुसऱ्यांना दे, फक्त माझं नाव पुसू नकोस," ते खुलं. यशोमुद्रावरून शोभिका होऊ शकला तो या कृतीमुळेच. आणि परवान्याच्या फाइलमध्ये काय असतं? कोणी बनवलं, कोणत्या साली, कोणासाठी, पुढे कसं द्यायचं. आपली प्रशस्तीच की ती!

फुकटचे चार प्रकार

आता भिशीतल्या प्रश्नाकडे वळते. माझ्या हिशेबाने फुकट साधनांचे चार प्रकार पडतात, खर्च कोणाच्या खात्यावर पडतो त्यावरून.

पहिला, सरकारच्या. सी-डॅकची साधनं, यशोमुद्रा, आणि फोनसाठी आयआयटी मुंबईने केलेला 'स्वरचक्र' कळफलक. इथे पैसे आपण आधीच भरलेले आहेत, तेव्हा संकोच न करता वापरा.

दुसरा, लोकांच्या. याचं सुंदर उदाहरण ब्लेंडर. त्रिमितीय चित्रं करण्याचं हे साधन ज्या कंपनीचं होतं ती बुडाली. ते खुलं करायला गुंतवणूकदारांनी १ लाख युरो मागितले. २००२ मध्ये जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत तेवढी वर्गणी जमवली. अत्तिमब्बेने एकटीने केलं ते इथे हजारोंनी मिळून केलं. फोटोंसाठी गिंप, रेखाचित्रांसाठी इंकस्केप, आवाजासाठी २००० साली आलेलं ऑडॅसिटी, लिखाणासाठी लिबरऑफिस. यातली बरीचशी साधनं स्वयंसेवकांच्या आणि देणगीदारांच्या जिवावर चालतात.

तिसरा, कंपनीच्या. कधी कंपनी काही खुलं करून हातातून सोडते. टेसरॅक्ट नावाचं छापील पान वाचून त्याचा मजकूर करणारं साधन एचपी कंपनीने बनवलं होतं, ते २००५ मध्ये खुलं झालं. आज ते मराठीही वाचतं. पण कित्येकदा कंपनी नुसतं फुकट देते, कृती देत नाही. मग तिची मर्जी बदलली की साधन जातं. फोटोंचे अल्बम करायला आपण सगळ्या वापरत होतो ते पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. वाढदिवसाच्या फिल्मा जोडायचं मूव्ही मेकर २०१७ मध्ये गेलं. मराठी टाइप करायला कित्येकांनी वापरलेलं 'बरह' आधी मोफत होतं, पुढच्या आवृत्त्या विकत झाल्या. यात कोणाला दोष द्यायचा नाही. ज्याचा माल त्याची मर्जी. आपण आपला ऐवज त्या कपाटात किती ठेवायचा, एवढंच ठरवायचं.

चौथा, आपल्याच. जाहिराती दाखवणारी, फोनमधले सगळे नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागणारी साधनं. इथे बिल येत नाही कारण ते रोज थोडं थोडं वसूल होत असतं. लग्नाचं कार्ड बनवणाऱ्या ॲपला तुमचे सगळे नंबर कशाला हवेत, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि नसेल पटत तर 'नको' दाबा.

आपल्या घरासाठी

आपल्याकडे करण्यासारखं काय आहे? सासूबाईंच्या पाककृतींची वही. आईच्या आवाजातली स्तवनं, जी कुठे लिहिलेलीच नाहीत. घराण्याची वंशावळ. आजोबांची पत्रं. जुन्या फोटोंमागची नावं, जी फक्त एकाच मावशीला आठवतात.

आवाज मुद्रित करायला फोन पुरतो. मागचा पंख्याचा घुंईघुंई आवाज ऑडॅसिटीत कमी करता येतो. टाइप करायला बोटं दुखत असतील तर बोलून लिहा; गुगलने २०१७ मध्ये मराठी बोलीवरून टंकलेखन सुरू केलं, आणि आता ते बरंच नीट ऐकतं. एखादा जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश आणि पुण्यातच तयार झालेला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाने सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवले आहेत. सासऱ्यांच्या आठवणींतला 'अडसरी' शब्द मला तिथेच शोधावा लागला.

फक्त तीन गोष्टी पाळा. एक, मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. दुकानातून करून घेत असाल तर नुसती छापील प्रत किंवा पीडीएफ घेऊ नका, युनिकोडमधली फाइलही मागून घ्या. दोन, प्रत एका ठिकाणी नको. फोनमध्ये, पेनड्राइव्हवर, एखाद्या नातेवाइकाकडे आणि कागदावरही. तीन, शेवटच्या पानावर प्रशस्ती लिहा. मजकूर कोणाचा, कोणी टाइप केला, कोणी तपासला, कोणता फॉन्ट, कोणतं साधन, साल कोणतं. पन्नास वर्षांनी कोणाला फाइल उघडायची असेल तर त्या ओळी किल्लीसारख्या उपयोगी पडतील.

एक खातं अजून उघडं आहे

जमाखर्च मांडायला बसले आहे तर एक नोंद टाळता येणार नाही. साधनं स्वस्त होत गेली तसतसे माणसांचे रोजगार गेले. पोथ्या उतरवणारे गेले, मग खिळे जुळवणारे जुळारी गेले. आता गल्लीतले डीटीपीवाले चालले आहेत. आमच्या भागात असे एक काका होते. पत्रिकेत 'आशिर्वाद' लिहून आणलं तर काही न बोलता 'आशीर्वाद' करायचे, पाहुण्यांच्या नावांचा क्रम चुकला तर विचारायचे, तिथीशी वार जुळतो का ते स्वतः बघायचे. या कामाचे त्यांनी कधी वेगळे पैसे लावले नाहीत. फुकट साधन आलं तेव्हा आपण त्यांचं टाइपिंग वाचवलं, आणि त्याबरोबर त्यांची नजरही गेली. आज फोनवर येणाऱ्या आमंत्रणांत ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका दिसतात, तो या खात्यावरचा खर्च आहे.

तो भरून काढायचा तर घरातल्या कोणीतरी ती नजर कमवायला हवी. साठीच्या पुढच्या आपल्या मैत्रिणींना हे काम छान जमेल. आपल्याला शुद्ध लिहायला शिकवलेलं आहे, तिथी-वार कळतात, कोण कोणाचं कोण लागतं हेही पाठ आहे. साधन नातवाने चालवावं, प्रूफ आपण वाचावं.

आणि ज्या खुल्या साधनावर आपलं काम झालं त्याच्या पानावर देणगीचं बटण असतं. एका मिठाईच्या पुड्याएवढी रक्कम दिली तरी पुष्कळ. पैसे द्यायचे नसतील तर फॉन्टमध्ये चुकीचं दिसणारं जोडाक्षर कळवा, विकिस्रोतावर एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाचं पान तपासून द्या. शास्त्रदान म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

तुमच्या घरात जुनी सीडी, जुना पेनड्राइव्ह, एखादी न उघडणारी फाइल असेल, तर या आठवड्यात ती काढून बघा. ते परिवर्तक अजून मोफत मिळतात आणि दुरुस्त करून देऊ शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत.